वजन, आतड्यातले जीवाणू आणि मोठ्या आतड्याचा कर्करोग: कॅप्सूल घेण्याआधी काय करावे

प्रश्न: वय ४२, उंची १७० सेंमी, वजन ८४ किलो, कंबर १०२ सेंमी. वडिलांना ५८व्या वर्षी मोठ्या आतड्याचा कर्करोग झाला होता. जाड माणसांच्या आतड्यातले जीवाणू बिघडतात आणि त्यातून कर्करोग होतो, असे वाचले. शौचातल्या जीवाणूंची तपासणी करून प्रोबायोटिक (जिवंत जीवाणूंच्या) कॅप्सूल सुरू कराव्यात का? वजन उतरवले तर धोका टळेल का?

उत्तर:

आधी घाईचे सांगतो. तुम्हाला जीवाणूंच्या तपासणीपेक्षा कोलोनोस्कोपीची, म्हणजे मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीच्या तपासणीची गरज आहे. आई, वडील, भावंडे किंवा मुले यांपैकी कुणाला साठीच्या आत हा कर्करोग झाला असेल, तर ही तपासणी वयाच्या ४०व्या वर्षी करायची, किंवा त्या नातेवाइकाच्या निदानाच्या वयातून १० वजा करून जे वय येईल त्या वर्षी. दोन्हींपैकी जे आधी येईल ते धरायचे. तुमच्या बाबतीत ते वय ४० होते. दोन वर्षे उलटली आहेत, म्हणून या महिन्याभरात तारीख घ्या. भावंडांनाही हेच सांगा, त्यांचे वजन कितीही असो.

आता वजनाचा हिशेब. तुमचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २९ येतो. भारतीयांसाठी २३च्या वर जादा वजन आणि २५पासून लठ्ठपणा धरतात, त्यामुळे तुम्ही लठ्ठपणात मोडता. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ साली पुराव्यांचा आढावा घेऊन १३ प्रकारच्या कर्करोगांचा संबंध जादा चरबीशी पक्का मानला. त्यात मोठे आतडे आणि गुदाशय आहेत. त्याआधी २००८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या मोठ्या विश्लेषणानुसार बॉडी मास इंडेक्स ५ने वाढला की पुरुषांत मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे २४ टक्क्यांनी वाढतो, स्त्रियांत सुमारे ९ टक्क्यांनी. या हिशेबाने २३ऐवजी २९ असल्यामुळे तुमचा धोका साधारण सव्वापट किंवा त्याहून थोडा जास्त झाला. वडिलांच्या आजारामुळे मात्र तो सुमारे दुप्पट होतो. म्हणून तपासणी आधी, वजन नंतर. दोन्ही करायचेच आहे, पण वजन उतरेपर्यंत तपासणीसाठी थांबू नका.

वजनकाट्यापेक्षा मला तुमच्या १०२ सेंमी कंबरेची जास्त काळजी वाटते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन या दोघांची मोजमापे २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. दोघांचा बॉडी मास इंडेक्स अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांच्यात ९.१ टक्के होती, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. आपल्याकडे सडपातळ दिसणाऱ्या माणसाच्याही पोटात चरबी साठते आणि वजनकाटा ते सांगत नाही. कंबर मोजताना पँटचा नंबर धरू नका. पँट बहुतेक वेळा सुटलेल्या पोटाच्या खाली बांधलेली असते, त्यामुळे आकडा पाच-दहा सेंमीने कमी येतो. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या बरोबर मध्ये टेप ठेवा. टेप जमिनीला समांतर हवी. पोट आत न ओढता श्वास सहज सोडा आणि आकडा वाचा. पुरुषांसाठी ९० सेंमीच्या आत आणि स्त्रियांसाठी ८०च्या आत, ही मर्यादा.

ही चरबी आतड्याचे काय बिघडवते? पोटातल्या अवयवांभोवतीच्या चरबीतून सुटणारी मेदाम्ले मोठ्या प्रमाणात थेट यकृतात जातात. यकृत आणि स्नायू इन्सुलिनला दाद देईनासे होतात, म्हणून स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडते. रक्तात इन्सुलिन सतत जास्त राहिले की वाढीला चालना देणारा आयजीएफ-१ हा घटकही जास्त प्रमाणात मोकळा राहतो. मोठ्या आतड्याचे अस्तर चार-पाच दिवसांत नवे होते, म्हणजे तिथे पेशींचे विभाजन अखंड चालू असते. अशा जागी ‘वाढा’ असा निरोप सतत मिळत राहिला, तर ज्या पेशीत जनुकीय चूक झाली आहे तीही टिकते आणि वाढते. शिवाय फुगलेल्या चरबीत दाहाच्या पेशी जमतात. चरबीतून सुटणाऱ्या संप्रेरकांपैकी लेप्टिन वाढते, दाह आवरणारे अ‍ॅडिपोनेक्टिन कमी होते. साध्या अस्तरातून पॉलिप (अस्तरावर उगवणारी छोटी गाठ) आणि पॉलिपमधून कर्करोग व्हायला बहुधा दहा-पंधरा वर्षे लागतात. त्या सगळ्या वाटेवर हा रेटा चालू राहतो. म्हणूनच तरुणपणीचे वजन महत्त्वाचे. अमेरिकेतल्या ८५ हजारांवर परिचारिकांच्या पाहणीत बॉडी मास इंडेक्स ३० किंवा अधिक असलेल्या स्त्रियांना पन्नाशीच्या आत हा कर्करोग होण्याचे प्रमाण जवळजवळ दुप्पट निघाले.

आता जीवाणू. ‘जाडीमुळे जीवाणू बिघडतात आणि जीवाणूंमुळे कर्करोग होतो’ अशी सरळ रांग लावली जाते. प्रत्यक्षात तसे नाही. वजन आणि जीवाणू हे दोघेही एकाच गोष्टीवर पोसलेले असतात: रोजच्या ताटावर. ताटातले अन्न जीवाणूंना वेगळ्या वाटेने बदलते आणि वजनाला वेगळ्या वाटेने, आणि दोन्ही वाटा आतड्याच्या अस्तरापाशी मिळतात. २०१४ साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात आलेला उंदरांवरचा प्रयोग हेच दाखवतो. कर्करोगाकडे जनुकीय कल असलेल्या उंदरांना स्निग्धांशाने भरलेला आहार दिला. ते लठ्ठ झाले नाहीत, तरी त्यांच्या आतड्यात गाठी वाढल्या. त्यांची विष्ठा साधे अन्न खाणाऱ्या, तसाच कल असलेल्या उंदरांना दिली, तर त्यांच्यातही आजार उतरला. प्रतिजैविके दिल्यावर तो थांबला. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, पण वजन न वाढताही ताट आणि जीवाणू मिळून नुकसान करू शकतात, एवढे यातून कळते.

जीवाणू दोन परस्परविरुद्ध कामे करतात, ती नीट समजून घ्या. अन्नातला चोथा, म्हणजे तंतुमय भाग, आपल्याला पचत नाही. तो मोठ्या आतड्यात पोहोचतो आणि फिकॅलिबॅक्टेरियम, रोझबुरिया यांसारखे जीवाणू तो आंबवून ब्युटिरेट नावाचे आम्ल बनवतात. मोठ्या आतड्याच्या पेशींचे हे मुख्य इंधन आहे. निरोगी पेशी ते जाळून वापरते. कर्करोगाकडे झुकलेली पेशी साखरेवर जगू लागते, तिला ब्युटिरेट नीट जाळता येत नाही. ते आत साचते, पेशीची वाढ रोखते आणि तिला मरणाकडे ढकलते. म्हणजे एकच पदार्थ चांगल्या पेशीला पोसतो आणि वाईट पेशीला अडवतो. चोथा मिळाला नाही तर ब्युटिरेट घटतेच, शिवाय काही जीवाणू पोट भरायला आतड्याच्या अस्तरावरचा बुळबुळीत थर खाऊ लागतात. तो थर पातळ झाला की जीवाणू पेशींच्या अंगाशी येतात.

दुसरे काम पित्ताचे. तेलकट-तुपकट जेवण पचवायला यकृत पित्ताम्ले सोडते. त्यातली सुमारे ९५ टक्के लहान आतड्याच्या शेवटी परत शोषली जातात. उरलेली मोठ्या आतड्यात उतरतात आणि तिथले काही जीवाणू त्यांचे डीऑक्सिकोलिक आम्लात रूपांतर करतात. हे आम्ल अस्तराला चावते, पेशींच्या डीएनएला इजा करते आणि झीज भरून काढण्यासाठी पेशींना जास्त वेगाने विभागायला लावते. जेवणात स्निग्धांश जास्त आणि चोथा कमी असला की ही आम्ले वाढतात आणि ब्युटिरेट घटते, म्हणजे दोन्ही बाजूंनी तोटा.

हे किती लवकर उलटवता येते, याचे उत्तम उदाहरण २०१५ सालचे आहे. अमेरिकेतल्या पिट्सबर्गचे २० कृष्णवर्णीय लोक आणि दक्षिण आफ्रिकेच्या ग्रामीण भागातले २० लोक घेतले. पहिल्या गटात या कर्करोगाचे प्रमाण खूप जास्त, दुसऱ्यात फार कमी. दोन आठवडे त्यांच्या ताटांची अदलाबदल केली. अमेरिकनांना रोज ५५ ग्रॅमच्या आसपास चोथा असलेले, कमी स्निग्ध जेवण दिले, आफ्रिकनांना बर्गर आणि तळलेल्या पदार्थांचे. चौदा दिवसांत अमेरिकनांमध्ये ब्युटिरेट वाढले, घातक पित्ताम्ले घटली, अस्तराचा दाह आणि पेशींच्या वाढीचा वेग कमी झाला. आफ्रिकन गटात नेमके उलटे झाले. दोन आठवड्यांत कर्करोग टळत किंवा होत नाही, हे खरे. पण अस्तराची अवस्था बदलायला वर्षे लागत नाहीत.

काही जीवाणूंवर थेट संशय आहे. फ्युसोबॅक्टेरियम न्यूक्लिएटम हा मुळात तोंडातला, हिरड्यांच्या आजारातला जीवाणू. २०११-१२च्या सुमारास कॅनडा आणि अमेरिकेतल्या दोन गटांना तो मोठ्या आतड्याच्या गाठींमध्ये मोठ्या संख्येने सापडला. यकृतात पसरलेल्या गाठींमध्येही तो जिवंत आढळला. तो गाठीला चिकटतो आणि रोगप्रतिकारक पेशींना आवरतो. तरी त्याने गाठ सुरू केली की आयती जागा सापडली म्हणून तो तिथे वसला, हे ठरलेले नाही. ‘दात घासा, कर्करोग टाळा’ असा अर्थ काढू नका. हिरड्यांचे उपचार हिरड्यांसाठी करा.

दुसरा, कोलिबॅक्टिन नावाचे विष बनवणारा ई. कोलाय. याच्याविरुद्धचा पुरावा जास्त ठोस आहे, कारण हे विष डीएनएवर ओळखता येणारा ठसा सोडते. नेदरलँड्समधल्या शास्त्रज्ञांनी २०२० साली प्रयोगशाळेत वाढवलेल्या आतड्याच्या पेशींवर तो ठसा उमटवून दाखवला आणि रुग्णांच्या गाठींमध्येही तो सापडला. २०२५ साली ११ देशांतल्या ९८१ गाठींच्या जनुकांचा अभ्यास आला. सत्तरीपुढे निदान झालेल्यांच्या तुलनेत चाळिशीच्या आत निदान झालेल्यांमध्ये हा ठसा ३.३ पट जास्त आढळला, आणि तो बहुधा आयुष्याच्या पहिल्या दहा वर्षांत उमटलेला असावा, असे दिसले. हा जीवाणू कितीतरी निरोगी माणसांत असतो. आज तपासणीत तो सापडला तरी त्यावर सिद्ध झालेला उपचार नाही, आणि सापडला नाही तरी लहानपणी तो नव्हता असे म्हणता येत नाही.

म्हणूनच शौचातल्या जीवाणूंची महागडी तपासणी करू नका. त्या अहवालातली ‘चांगले इतके टक्के, वाईट इतके टक्के’ ही वाटणी तुमचा उपचार बदलू शकत नाही. लठ्ठपणात फर्मिक्युट्स या गटातले जीवाणू वाढतात आणि बॅक्टेरॉइडेट्स गटातले घटतात, असे सुरुवातीच्या अभ्यासांतून वाटले होते. पुढे बरेच अभ्यास एकत्र करून पाहिल्यावर माणसांत हा संबंध फार कमकुवत निघाला. प्रोबायोटिक कॅप्सूलने मोठ्या आतड्याचा कर्करोग टळतो, असे दाखवणारा माणसांवरचा प्रयोग नाही. प्रतिजैविकांनंतर प्रोबायोटिक घेतलेल्यांच्या आतड्यात मूळचे जीवाणू परत यायला उलट जास्त वेळ लागला, असे इस्राएलमधल्या २०१८च्या एका अभ्यासात दिसले. दही, ताक आवडत असेल तर जरूर घ्या, अन्न म्हणून. सर्दी-पडशाला औषधाच्या दुकानातून परस्पर प्रतिजैविके घेणे मात्र बंद करा. स्वीडनमधल्या मोठ्या नोंदीत एकूण सहा महिन्यांहून जास्त प्रतिजैविके घेतलेल्यांमध्ये आतड्याच्या उजव्या, चढत्या भागातल्या कर्करोगाचे प्रमाण सुमारे १७ टक्क्यांनी जास्त होते.

ताटाकडे वळू. रोज निदान २५ ग्रॅम चोथा पोटात गेला पाहिजे, ३०पर्यंत गेला तर उत्तम. ज्वारी, बाजरी, नाचणी आणि न चाळलेली कणीक यांत १०० ग्रॅमला साधारण १० ते ११ ग्रॅम चोथा असतो. पांढऱ्या तांदळात जेमतेम ३. साबुदाण्यात जवळजवळ नाही. ज्वारीच्या दोन मध्यम भाकऱ्यांना शंभरेक ग्रॅम पीठ लागते, म्हणजे १० ग्रॅम झाले. वाटीभर मटकीच्या उसळीतून ४ ते ५, भेंडी किंवा गवारीच्या भाजीतून ३ ते ४, एका मध्यम पेरूतून ७-८. पंचवीसचा आकडा इथेच गाठला. याउलट सकाळी चहा-बिस्किटे, दुपारी भात आणि पातळ वरण, संध्याकाळी वडापाव, रात्री चाळलेल्या कणकेच्या दोन पोळ्या, असा दिवस गेला तर दहा-बारा ग्रॅमही होत नाहीत, आणि उष्मांक मात्र जास्त जातात. मुंबई-पुण्यात असा दिवस फार नेहमीचा झाला आहे. कणीक चाळून कोंडा टाकण्याची सवय आधी मोडा. त्यासाठी काहीच खर्च नाही.

चुका कुठे होतात, तेही सांगतो. एकदम दुप्पट चोथा सुरू केला की पोट फुगते, गॅस होतात आणि चौथ्या दिवशी माणूस भाकरी सोडतो. आंबवणाऱ्या जीवाणूंची संख्या वाढायला वेळ लागतो. दर आठवड्याला ५ ग्रॅमने वाढवा आणि पाणी वाढवा. उसळीचे कडधान्य भिजवून, मोड आणून, भिजवलेले पाणी फेकून शिजवले की त्रास कमी होतो. दुसरी चूक म्हणजे सगळा भार इसबगोलवर टाकणे. इसबगोलने पोट साफ होते, पण जीवाणू ते फारसे आंबवत नाहीत, म्हणून ब्युटिरेटच्या हिशेबात ते भाकरी-उसळीची जागा घेऊ शकत नाही. तिसरी चूक, भाकरीवर तुपाचा गोळा आणि उसळीवर तेलाचा तवंग. चोथा मिळाला तरी उष्मांक वाढले की कंबर कमी होणार नाही. मांसाहार करत असाल तर सॉसेज, सलामी, बेकन यांसारखे प्रक्रिया केलेले मांस बंद करा. रोज ५० ग्रॅम खाण्याने धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो. मटण आठवड्यातून एखाद्या वेळी ठेवा, मासे चालतील. दारू आणि तंबाखू दोन्ही या कर्करोगाचा धोका वाढवतात.

वजनाचे पहिले लक्ष्य ७८ ते ८० किलो ठेवा, आठवड्याला अर्धा किलोच्या वेगाने. एवढ्यानेही पोटातली चरबी आणि रक्तातले इन्सुलिन खाली येते. मात्र वजन उतरवल्याने कर्करोग किती टक्क्यांनी टळतो, याचा ठाम आकडा मी देणार नाही. लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेनंतर लठ्ठपणाशी निगडित कर्करोग एकूण कमी झालेले दिसतात, पण फक्त मोठ्या आतड्यापुरते पाहिले तर अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. व्यायामाचा पुरावा जास्त भक्कम आहे. आठवड्याला १५० मिनिटे दम लागेल असे चालणे, आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम. ज्यांच्या मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी झाली होती अशा ८८९ रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष २०२५ साली आले. तीन वर्षे प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली व्यायाम करणाऱ्यांपैकी आठ वर्षांनी ९० टक्के हयात होते, नुसती माहितीपुस्तिका दिलेल्यांपैकी ८३ टक्के.

कोलोनोस्कोपीची तयारी नीट झाली नाही तर सगळे वाया जाते. जादा वजन, मधुमेह आणि बद्धकोष्ठता असलेल्यांची तयारी अपुरी राहण्याचे प्रमाण जास्त असते, म्हणून हे काटेकोर पाळा. आधीचे दोन-तीन दिवस वर सांगितलेल्याच्या उलट खायचे: भाकरी, उसळ, पालेभाजी, पेरू, टोमॅटो, बियांची फळे बंद. मऊ भात, मुगाचे गाळलेले वरण, दही चालेल. लोहाच्या गोळ्या पाच ते सात दिवस आधी थांबवायच्या, कारण त्यांनी मळ काळा आणि चिकट होतो. रक्त पातळ करणारी किंवा मधुमेहाची औषधे, किंवा वजन उतरवण्याची इंजेक्शने चालू असतील तर डॉक्टरांना आधी सांगा. स्वतःच्या मनाने काही बंद करू नका. आदल्या दिवशी फक्त पातळ, आरपार दिसणारे पेय: नारळपाणी, गाळलेले लिंबू सरबत. कोकम सरबत नको, त्याचा लाल रंग आत रक्तासारखा दिसतो. जुलाबाच्या औषधाचे दोन भाग करा. पहिला आदल्या संध्याकाळी, दुसरा तपासणीच्या चार ते सहा तास आधी. सगळे औषध आदल्या रात्रीच पिऊन टाकले तर सकाळपर्यंत आतड्याच्या उजव्या बाजूला पुन्हा चिकट थर बसतो आणि चपटे पॉलिप त्याखाली झाकले जातात. शेवटी शौच लघवीसारखी पिवळसर, स्वच्छ झाली पाहिजे. गढूळ असेल तर आत जाण्यापूर्वी सांगा.

अहवालात तीन गोष्टी पाहा: दुर्बीण आतड्याच्या सुरुवातीपर्यंत, म्हणजे सीकमपर्यंत पोहोचली का, आतडे किती स्वच्छ होते, आणि काढलेल्या पॉलिपची संख्या, आकार व प्रकार. अ‍ॅडेनोमा हा शब्द दिसला तर तो कर्करोग नव्हे, कर्करोगाआधीची पायरी आहे आणि ती काढली गेली आहे. एखादा पॉलिप १० मिमी किंवा मोठा असेल, पॉलिप तीन किंवा जास्त असतील, किंवा ‘व्हिलस’ (बोटांसारखी वाढ) असा उल्लेख असेल तर पुढची तपासणी लवकर लागते. काहीच सापडले नाही तरी वडिलांमुळे तुमची पुढची तपासणी पाच वर्षांनी. वडिलांचे गाठीचे जुने अहवाल असतील तर सोबत न्या. घराण्यात गर्भाशयाचा किंवा आतड्याचा कर्करोग आणखी कुणाला झाला असेल तर लिंच सिंड्रोमसाठी, म्हणजे असे कर्करोग घराण्यात उतरवणाऱ्या जनुकीय दोषासाठी, जनुकीय तपासणीचा विचार करावा लागेल.

तपासणीची तारीख येण्याआधीच शौचातून रक्त आले, तर ‘मूळव्याधच असेल’ म्हणून मलम लावत बसू नका. आपल्याकडे गुदाशयाच्या कर्करोगाचे निदान उशिरा होण्यामागे हे फार मोठे कारण आहे. मूळव्याध आणि गाठ एकाच माणसात एकाच वेळी असू शकतात. पुरुषात हिमोग्लोबिन कमी होणे आणि लोह घटणे, शौचाची वेळ किंवा आकार काही आठवडे बदललेला राहणे, ही लक्षणेही तितकीच महत्त्वाची. आणि काही न करता, आहार-व्यायाम न बदलता, वजन उतरू लागले तर ते शुभ समजून आनंद मानू नका. गाठ स्वतःच निदानाच्या कितीतरी आधीपासून वजन खाते. तसे झाले तर ठरलेली तारीख पुढे ढकलू नका, अलीकडची घ्या.